समाध्यांची वही

आलेलं पत्र थोडं कापून देते आहे:

"ताई, मी फोंडा तालुक्यातला, गोवा मुक्त झाला त्या वर्षीचा जन्म. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. १९९८ मध्ये एलटीसी घेऊन दिल्लीला गेलो होतो. राजघाट, शांतिवन, शक्तिस्थळ एका सकाळीच पाहिलं आणि वेड लागलं. तेव्हापासून देशाच्या दिवंगत नेत्यांच्या समाध्या आणि कबरी पाहत फिरतो. वही ठेवली आहे. नाव, तारीख, एक फोटो. आजवर ३७ झाल्या. आता तीन अडचणी आहेत. आई ८६ वर्षांची. अशा ठिकाणाहून आलो की अंघोळ केल्याशिवाय घरात घेत नाही, 'मसणवट्यात फिरून आला' म्हणते. पत्नी पूर्वी बरोबर यायची, फोटो काढायची. गेल्या वर्षी लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला तिला हैदराबादला नेलं. हुसेन सागराकाठी नरसिंह रावांची समाधी पाहून झाल्यावर भर उन्हात म्हणाली, 'आता जिवंत माणसांकडे कधी नेणार?' त्यानंतर ती आलेली नाही. तिसरी अडचण मोठी. मुलगी लिस्बनला असते, मे महिन्यात बोलावते आहे. तिथून पोर्तुगालचा जुना हुकूमशहा सालाझार याच्या गावी जाऊन त्याचं थडगं पाहावं असं मनात आहे. थोरल्या भावाला सांगितलं, तर त्याने बोलणंच टाकलं. आमच्या बाबांनी पोर्तुगीजांच्या आग्वादच्या तुरुंगात सव्वा वर्ष काढलं होतं. भाऊ म्हणतो, 'बाबांना कोंडणाऱ्याच्या पायाशी जाणार तू?' माझा छंद विकृत आहे का? आणि मी जाऊ की नको?"

विकृत नाही. चमत्कारिक आहे. पण चमत्कारिक छंद नसलेला निवृत्त माणूस दिवसभर घरात काय काय करतो हे मी फार जवळून पाहते आहे. निदान तुम्ही स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं चिकटवत नाही.

आईचा प्रश्न सोपा, म्हणून तिथून सुरुवात करते. अंघोळ करा. ८६ वर्षांच्या बाईशी विटाळावर वाद घालून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. शिवाय दिल्लीहून दीड-दोन दिवस रेल्वेत काढून आलेल्या माणसाने अंघोळ करूनच घरात वावरावं, याला शास्त्राचा आधार लागत नाही.

तुमच्या स्वतःच्या मनात शंका असेल तर मात्र ती काढून टाका. समाधी म्हणजे मसणवटा, असं मराठी माणसाने म्हणायचं तर आळंदीला कोण जातं? ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये समाधी घेतली, आणि आपण सातशे वर्षं तिथे माथा टेकवायला जातो आहोत, मसणात फिरायला नाही. आपल्या गोव्याचं तर बोलायलाच नको. जुन्या गोव्याला दर दहा वर्षांनी गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शवप्रदर्शन भरतं तेव्हा रांगेत किती कुंकू लावलेल्या बायका असतात ते मोजा. माझी आई दर खेपेला जायची. घरी कोणाचा बारावा-तेरावा असला की दाराबाहेर पाण्याची बादली ठेवणारी हीच बाई जुन्या गोव्याहून यायची ती चण्यांची पुडी घेऊन, थेट देवघरापुढे. विचारलं तर म्हणायची, "तो आपला सायब." आपला असला की विटाळ नाही. तुमच्या आईला कदाचित एवढंच म्हणायचं असेल की हे दिल्लीतले लोक तुझे कोण लागतात.

हा प्रश्न मलाही पडला आहे. त्याकडे येते.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या कबरी पाहत हिंडणारे बरेच लोक आहेत. त्यांचं काम सोपं. माणसं पुरलेली, दगडावर नाव कोरलेलं, यादी ठरलेली. त्यात एक जेफरसन असा निघाला की त्याने स्वतःच्या थडग्यासाठी लिहून ठेवलेल्या मजकुरात आपण राष्ट्राध्यक्ष होतो हे घातलंच नाही. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला, धर्मस्वातंत्र्याचा कायदा लिहिला, विद्यापीठ काढलं, एवढंच. आपल्याकडे घोळ वेगळा आहे. राजघाटावर गांधीजी नाहीत. ३१ जानेवारी १९४८ ला त्यांना जिथे अग्नी दिला ती जागा तो काळा चौथरा दाखवतो. अस्थी १२ फेब्रुवारीला प्रयागला संगमात गेल्या, आणखी कितीतरी नद्यांत गेल्या. म्हणजे तुमच्या वहीतल्या निम्म्या नोंदी या कबरी नाहीतच, जिथे धूर झाला त्या जागा आहेत. खरी कबर म्हणावी तर ती जामा मशिदीजवळ मौलाना आझादांची, जामिया मिलियाच्या आवारात झाकिर हुसेन यांची, रामेश्वरमजवळ पेईकरुंबूला अब्दुल कलामांची.

आणि काही माणसं तुमच्या वहीत मावणारच नाहीत. सरदार पटेल १५ डिसेंबर १९५० ला मुंबईत गेले. गिरगाव चौपाटीवर दहनाचं ठरत होतं, टिळकांना जिथे अग्नी दिला तिथेच. मुलीने वडिलांची इच्छा सांगितली, की पत्नीला आणि भावाला जिथे नेलं तिथेच, चारचौघांसारखं. म्हणून सोनापूरच्या स्मशानात झालं. जगातला सगळ्यांत उंच पुतळा आज त्यांचा आहे, आणि दिल्लीत यमुनेकाठी त्यांच्या नावाचा एक घाट नाही. मधु दंडवते घ्या. १९५५ च्या गोवा सत्याग्रहातले, पुढे देशाचे रेल्वेमंत्री. २००५ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दिला. समाधी नाही, चौथरा नाही, फोटोला जागा नाही. जॉर्ज फर्नांडिस तर दोन्हीकडचे. २०१९ मध्ये दिल्लीत दहन झालं, आणि मग अस्थी पृथ्वीराज रोडच्या ख्रिस्ती सिमितेरात, म्हणजे दफनभूमीत, पुरल्या. तुम्ही मडगावला रेल्वेत बसता तेव्हा या दोघांच्या हट्टातून आलेल्या रुळांवर बसता. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये उभं राहिलं तेव्हा रेल्वेखातं जॉर्जकडे होतं, आणि कोकणात रेल्वे आणा म्हणून दंडवत्यांनी त्याच्या आधी कितीतरी वर्षं धोशा लावला होता. तुमच्या हिशेबात दंडवते ३८ वे होऊ शकत नाहीत. माझ्या हिशेबात मात्र मांडोवी एक्स्प्रेस रत्नागिरीकडे निघाली की एक नोंद होते.

आता वहीविषयी. नाव, तारीख, फोटो. ३७ वेळा. भाऊ, वाहनतळावरचा माणूसही एवढं लिहितो.

तुम्ही नेते मोजता आहात. पाहता आहात की नाही, ते पत्रावरून कळत नाही. पूर्ण पत्रात हैदराबादविषयी मला फक्त ऊन सापडलं. नरसिंह राव २३ डिसेंबर २००४ ला दिल्लीत गेले, पाच वर्षं पंतप्रधान राहिलेला माणूस, आणि दहन दिल्लीत न होता हैदराबादला झालं. दिल्लीत त्यांच्यासाठी स्मारक उभं राहिलं ते २०१५ मध्ये. तुम्ही त्या चौथऱ्यासमोर उभे होता. ही गोष्ट तुम्ही बायकोला सांगितली असती, आणि सावलीत बसवून सांगितली असती, तर ती कदाचित आजही तुमच्या बाजूने भांडली असती.

आणि घराजवळचं काय? तुमच्या यादीत पणजीचं मिरामार आहे का? तुम्ही 'देशाच्या नेत्यांच्या' असं लिहिलंय, म्हणून धाकधूक वाटते. मिरामारला शेजारी शेजारी दोघे आहेत, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आणि मनोहरभाई पर्रीकर. भाई संरक्षणमंत्री होते, म्हणजे तुमच्या नियमात बसतात. भाऊसाहेब बसत नसतील तर नियम बदला.

मी लहानपणी आजोबांबरोबर तिथे जायची. आजोबा कूळ होते. १९६४ चा कूळ कायदा आला नसता तर भाटकाराने कधीच उठवलं असतं, असं ते म्हणायचे. मिरामारला गेलं की चपला काढायच्या, दोन मिनिटं समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं, समाधीकडे फार बघायचंसुद्धा नाही, आणि मला शेंगदाणे घेऊन द्यायचे. बोलायचे ते परतीच्या बसमध्ये. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा गोवा. आजोबांनी फुलावर शिक्का मारला. फूल ३४,०२१ मतांनी हरलं. विलीनीकरणासाठी जिवाचं रान केलेल्या भाऊसाहेबांना लोकांनी दोनच महिन्यांनी पुन्हा निवडून दिलं, तो एक निराळाच गोवा. आजीने दोन पानांवर शिक्का मारला होता, हे आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही. आम्हा नातवंडांना ठाऊक होतं. आजही मिरामारला गेले की मला आधी आजीचं हसू आठवतं.

याला मी देणंघेणं म्हणते. जिथे आपलं काही देणंघेणं आहे तिथे गेलं की दगड बोलतो. नाही तर यमुनेकाठचं गवत आणि मिरामारचं गवत सारखंच. तुमच्या आईचा प्रश्न तोच होता.

तीच गोष्ट पणजीच्या आझाद मैदानाची. सरकारी नोकरीत असताना पणजीला किती वेळा गेला असाल. गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणतात ते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा २६ सप्टेंबर १९५८ ला मुंबईत वारले. मुक्त गोवा तीन वर्षांनी हुकला. त्यांना शिवडीला पुरलं होतं. पुढे त्यांचे अवशेष गोव्यात आणून याच मैदानावर ठेवले. आपण तिथे मोर्चाला जमतो, उपोषणाला बसतो, गाडी लावायला जागा शोधतो, आणि कोणाच्या उशाशी उभे आहोत ते माहीत नसतं. कुन्हांचं नाव लक्षात ठेवा, लिस्बनच्या बोलण्यात ते परत येणार आहे.

अजून एक, अगदीच आडवाट. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचा तो अर्धा मनोरा आहे ना, त्याच्या पडक्या चर्चमध्ये एका परदेशी राणीचे अवशेष सापडले. जॉर्जियाची केतेवान. १६२४ मध्ये शिराजला इराणच्या शहाने तिला हाल हाल करून मारलं, आणि ऑगस्टिनी पाद्रींनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्याला आणला. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून खात्री केली, आणि २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी ते अवशेष तिबिलिसीला नेऊन दिले. फोंड्याहून वीस किलोमीटर. तुम्ही हैदराबाद गाठलंत!

पत्नीकडे वळते. पत्रात तुम्ही तिचं एकच वाक्य दिलं आहे, आणि तुमच्या दोन पानांतलं सगळ्यांत चांगलं वाक्य ते आहे. ती अशुभ वगैरे काही म्हणत नाही. ३७ फोटोंत तुम्ही आहात, आणि यायची तोवर ती फोटोच्या अलीकडे होती. एकही फोटो तिचा आहे का? असेल तर मला पाठवा, मी माझे शब्द परत घेईन.

कराडला तुम्ही नक्कीच गेला असाल, यशवंतराव वहीत नसतील असं होणार नाही. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, त्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी. पण त्याच गावात वेणुताईंच्या नावाचं स्मारक आहे, यशवंतरावांची पुस्तकं तिथे ठेवली आहेत. ते पाहिलंत? वेणुताई १९८३ मध्ये गेल्या, आणि पुढच्या वर्षी, २५ नोव्हेंबर १९८४ ला, यशवंतराव. देशाचा उपपंतप्रधान झालेला माणूस, आणि बायको गेल्यावर दीड वर्ष पुरला नाही. चोर्ला घाटाने बेळगाव, कोल्हापूरला पोटभर मिसळ, पुढे कराड, मुक्काम. आधी वेणुताईंचं स्मारक, संध्याकाळी घाट. पत्नीला हा क्रम सांगून बघा, त्यातलं कारणही सांगा. फोटो तुम्ही काढा.

आणि तिला कुठे जायचं आहे ते विचारा. काश्मीर म्हणाली तर काश्मीरला जा. श्रीनगरला दल सरोवराच्या काठी, हजरतबलच्या जवळ शेख अब्दुल्लांची कबर आहे हे मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक असणार. तोंडातून काढू नका.

अधूनमधून एखादी जवळची फेरी दोघांची होऊ शकेल, जर जागेत गोष्ट असेल तर. रत्नागिरीला ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा पुरलेला आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं, राजाराणीला उचलून कोकणात आणून ठेवलं, राजवाडा बांधून दिला तो १९१० मध्ये, आणि सहा वर्षांनी राजा तिथेच वारला. त्याच्या उलट आपला बहादूरशहा जफर रंगूनला. इंग्रजांनी दोन बादशहांची अदलाबदल केली, म्हणा. जुना राजवाडा बघायला, खाली खाडी बघायला, रात्री बांगडा खायला कोणतीही बायको येते. थडग्यापाशी दहा मिनिटं थांबा. चाळीस नाही.

वागण्याविषयी थोडं, कारण चपला, फुलं, फोटो यावर तुम्ही शेवटी एक ओळ विचारली होती, ती मी वर कापली. पुण्यतिथीला जाऊ नका. मी एकदा गेले होते, कुठे ते सांगत नाही. दोन तास दोरीच्या अलीकडे उभी होते, दिसल्या फक्त मोटारी. अपवाद चैत्यभूमीचा. ६ डिसेंबरला दादरला जायचं ते चौथरा पाहायला नाही, माणसं पाहायला, आणि शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या दुकानांतून हात भरून यायला. त्या दिवशी कॅमेरा पिशवीत ठेवा, लोक तिथे छंदासाठी आलेले नसतात. बाकीचं शिकायचं तर तुमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून शिका. २ नोव्हेंबरला सिमितेरात जाऊन बघा ते काय करतात. आधी गवत उपटतात, दगड पुसतात, मग मेणबत्ती. बघणं सगळ्यांत शेवटी.

आता सालाझार.

आधी तुमच्या भावाविषयी. भाऊ चुकीचा नाही. बापाच्या तुरुंगाची आठवण त्याने सांभाळली आहे, रागाच्या रूपात का होईना. पुतणी लिस्बनला गेली तेव्हा त्याने बोलणं टाकलं होतं का, हे विचारायचा मोह मला होतो, पण तुम्ही विचारू नका. लेकीकडे कोणत्या देशाचा पासपोर्ट आहे हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, आणि गोव्यात हा प्रश्न हल्ली कोणी कोणाला विचारत नाही.

तुमच्या मनात बहुतेक एखादी भव्य कबर असेल. तसं काही नाही. सांता कोंबा दावजवळ विमियेरू नावाचं खेडं, तिथे तो १८८९ मध्ये जन्मला आणि तिथल्याच गावच्या सिमितेरात साध्या घरगुती थडग्यात आहे. चाळीसेक वर्षं देश मुठीत ठेवणाऱ्या माणसाचा शेवटही विचित्र. १९६८ मध्ये आजारी पडला, पद गेलं, दुसरा पंतप्रधान आला, आणि भोवतीच्या लोकांनी त्याला ते कळू दिलं नाही. तो मरेपर्यंत, २७ जुलै १९७० पर्यंत, सत्ता आपलीच आहे असं समजत राहिला म्हणतात. याच माणसाने डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या गव्हर्नरला कळवलं होतं, की शरणागती नको, सैनिक एक तर जिंकलेले हवेत नाही तर मेलेले. गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हाने ते मानलं नाही आणि १९ डिसेंबरला शरण आला. लिस्बनला परतल्यावर त्याला सैन्यातून काढलं. पोर्तुगालमध्ये क्रांती झाल्यावर परत घेतलं. १९८० मध्ये तो गोव्याला आला तेव्हा लोकांनी त्याचं स्वागत केलं होतं. आम्ही ज्याला हरवलं त्याचं स्वागत करतो, असे आपण.

मग जाऊ की नको? जा. पायाशी जाणं आणि समोर उभं राहणं यात फरक आहे, तो भावाला पत्राने कळवा, फोनवर भांडण होईल. पण तिथे सरळ जाऊ नका. आधी तीन ठिकाणं.

पहिलं आग्वाद. तो तुरुंग आता संग्रहालय झाला आहे. भावाला घेऊन जा. नाही आला तर एकटे जा. बाबा कोणत्या कोठडीत होते ते शोधा, नाही सापडलं तर निदान कोणत्या खिडकीतून समुद्र दिसतो ते बघा. ३७ समाध्या पाहिलेल्या माणसाने बापाची कोठडी पाहिलेली नसावी असा मला संशय आहे. पत्रात ती कुठेच नाही.

दुसरं पेनिश. लिस्बनच्या उत्तरेला समुद्रकाठचा किल्ला, सालाझारच्या काळातला राजकीय कैद्यांचा तुरुंग. कुन्हांना १९४६ नंतर तिथेच नेलं. राममनोहर लोहियांच्या त्या वर्षीच्या १८ जूनच्या मडगावच्या सभेनंतर जे पकडले गेले त्यांतले आणखीही काही जण तिथे होते. २०२४ मध्ये तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. आझाद मैदानाला जोडलेलं दुसरं टोक ते.

तिसरं, आणि हे तुमच्या वहीसाठी, लिस्बनचं राष्ट्रीय पंथेऑन, म्हणजे देशाने मान देऊन ठेवलेल्या माणसांच्या कबरी असलेलं सांता एंग्रासियाचं चर्च. तिथे जनरल उंबेर्तो देल्गादो आहे. १९५८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सालाझारच्या उमेदवारासमोर उभा राहिलेला. निवडून आलात तर सालाझारचं काय करणार, असं विचारलं तेव्हा म्हणाला, "साहजिकच, काढून टाकीन." १९६५ मध्ये सालाझारच्या गुप्त पोलिसांनी त्याला स्पेनच्या हद्दीत फसवून नेऊन मारलं. गोळी घालणारा कोण होता माहीत आहे? काझिमिरो मोंतेरो. गोव्यात जन्मलेला. आपल्या सत्याग्रहींना बडवून काढणारा आजेंत मोंतेरो तो हाच. तुमच्या बाबांच्या तोंडी ते नाव असणारच, त्या पिढीत ज्यांच्या घरात कोणी आत गेलं होतं त्या प्रत्येक घरात ते होतं. आमच्याकडे मुलांना भीती दाखवायला वापरायचे.

म्हणजे बघा, देल्गादोशी तुमचं देणंघेणं आहे. ज्या हाताने गोव्यात तुमच्या बाबांच्या सोबत्यांना मारलं, त्याच हाताने त्याला मारलं. आणि आज देशाने पंथेऑनमध्ये ठेवला आहे तो देल्गादोला. सालाझार आपल्या गावी. हे दोन्ही एका फेरीत पाहिलंत तर भावाला सांगायला काहीतरी असेल. त्या क्रमाने पाहिलंत तर. उलट क्रमाने गेलात तर मीही बोलणं टाकीन.

विमियेरूला फूल वाहू नका, हे सांगायला नको. फोटोही नको. वहीत नाव लिहायचं तर लिहा, पण फोटोची चौकट रिकामी ठेवा.

मे महिन्याऐवजी एप्रिलच्या अखेरीला गेलात तर बरं. २५ एप्रिल हा त्यांच्या १९७४ च्या क्रांतीचा दिवस, लिस्बनभर लाल कार्नेशनची फुलं असतात. आणि पंथेऑनला मंगळवारी किंवा शनिवारी जा. त्याच्या शेजारच्या मैदानात जुन्यापुराण्या वस्तूंचा बाजार भरतो, आपल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचा पोर्तुगीज भाऊ. पत्नीला बाजारात सोडा, नाही तर तुम्हीच तिच्याबरोबर बाजारात जा आणि पंथेऑन अर्ध्या तासात उरका. आत गेलात तर फादो गाणारी आमालिया रोद्रिगिश तिथेच आहे, आणि फुटबॉलवाला युसेबियोही. पुढाऱ्यांच्या बरोबरीने गाणारी बाई आणि चेंडू मारणारा माणूस ठेवलेला पाहून पत्नीचं तुमच्या छंदाविषयीचं मत थोडं सुधारेल.

आग्वादला गेलात की मला कळवा. कोठड्यांवर नावं आहेत का, जुनी नोंदवही कोणी दाखवतं का, ते बघून ठेवा. माझे धाकटे काका १९५५ मध्ये तिथे होते. कुठल्या कोठडीत, ते आमच्या घरात कोणी कधी विचारलं नाही, आणि आता सांगायला ते नाहीत.